मागच्या दारची केशरबाई

भिंत गार होती.

माणिकबाईंच्या मागच्या अंगणात डोक्यावरचं टोपलं उतरवायचं आणि गोवऱ्या रचायच्या आधी घटकाभर त्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, हा केशरबाईचा थंडीतला रिवाज होता. भिंतीच्या पलीकडे चूल. पहाटे पेटलेली ती चूल सातपर्यंत भिंतीचा कमरेएवढा पट्टा ऊन करून ठेवायची. पौषाच्या गारठ्यात वस्तीपासून दीड कोस ओझं वाहून आलेल्या बाईला तेवढी ऊब म्हणजे वरकमाईच. नवऱ्याच्या, बुधाजीच्या माघारी तिच्या पाठीला ऊब द्यायला दुसरं होतं तरी कोण? सव्वीस वर्षांत तिनं ती चूल डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण आज घरात सण आहे की भांडण, पाहुणे आलेत की एकादशी आहे, हे ती नुसत्या पाठीवरून सांगू शकत असे.

आज तिनं पाठ टेकली आणि दचकून पुढं झाली. भिंत अंगणातल्या दगडासारखी थंड. सकाळचे सात वाजून गेलेले आणि माणिकबाईंच्या घरी चूल पेटलेली नाही! चूल कोणत्या घरात पेटत नाही, हे काय तिला कोणी शिकवायला हवं होतं? माणिकबाईंचे यजमान केशवराव दोन महिन्यांपासून खोकत होते. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि दाराची कडी हलकेच वाजवली.

दार अर्धवट उघडलं. माणिकबाई. कपाळावर कुंकू होतं, म्हणजे केशवराव नव्हेत.

"कोन गेलं बाई?" केशरबाईनं विचारलं.

"कोन गेलं मंजे?"

"चूल नाई पेटली आज."

माणिकबाई क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग पदराचा बोळा तोंडाला लावून अशा हसल्या, अशा हसल्या, की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. "कोनी नाई गेलं व! सगये खुशाल हायेत. अव, स्टो आनला आमी. वातीचा. तुले ठावकं नाई? तुह्याच पोरानं तं देल्ला आनून."

"माह्या?"

"धर्मपालनं. दारात उभा राहिला अन् म्हने, मी केशरबाईचा. म्या म्हटलं, केशरचा काय, मंग ये ना आत. चुलीपाशी बसून वाती लावल्या, पेटवून दाखवला, त्याच्यावरच च्या करून पाजला आमाले. सोतानंबी पेला. लय गुनाचा पोरगा हाय व तुहा."

केशरबाईच्या कानात पुढचं काही शिरलंच नाही. 'मंग ये ना आत' या चार शब्दांपाशीच ती अडकून पडली होती.

"आजच्या घेऊन जाय परत," माणिकबाई म्हणाल्या. "ठेवून तरी काय करू? अन् थांब." त्यांनी आतून दोन संत्री आणली, मोर्शीच्या त्यांच्या मळ्यातली. "आज नातवाचं नाव ठेवता ना? पाहुण्यायले होतीन."

गोवऱ्यांवर संत्री ठेवून केशरबाईनं टोपलं पुन्हा डोक्यावर चढवलं. भरलं टोपलं घेऊन यायची तिला सवय होती, भरलं टोपलं घेऊन परत जायची नव्हती. दिवाळीपासून एकेक घर गळत होतं. आज नको, पुढच्या हप्त्यात पाहू, घरचे गावाला गेलेत. अकराची चार घरं उरली होती आणि ती बिचारी आपल्या गोवऱ्यांना दोष देत होती, यंदा पावसानं शेण पातळ झालं म्हणत होती. घराघरातून स्टोव्ह येत होता हे तिलाही दिसत होतं. तो कोणाच्या हातून येतो, एवढंच तेवढं दिसलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ! बोंब तरी कोणाच्या नावानं मारायची?

---

नामकरण दुपारी चांगलं झालं. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, वस्तीतल्या बाया पांढऱ्या लुगड्यांत येऊन बाळाच्या मुठीत काहीबाही ठेवून गेल्या. केशरबाईच्या लेकीनं, ललितानं, बाळाचं नाव आनंद ठेवलं. माणसं पांगली आणि घरात घरचीच उरली, तसा केशरबाईनं लेकीच्या बाजेखाली शेगडीत नवा विस्तव घातला, त्यावर चिमूटभर ओवा टाकला आणि कोणाकडेच न बघता म्हणाली,

"धर्मपाल, तू माणिकबाईच्या घरी गेलता?"

धर्मपाल दारापाशी पेटीवर बसला होता. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. रॉकेलच्या एजन्सीत लागल्यापासून तो तालुक्याच्या साहेबासारखा बसायला शिकला होता. पण आईनं नाव घेतलं तसे त्याचे दोन्ही पाय आपोआप जवळ आले.

"गेलतो."

"अन् बेबीताईच्या?"

"तथीबी."

"सातही घरी?"

त्यानं खिशातलं पेन सारखं केलं. बोलला तो देवराव. थोरला महिन्याभरापूर्वीच धारणीहून परत आला होता. तिकडच्या जंगलात तो ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या लावायचा. या हिवाळ्यात ठेकेदारानं भट्ट्या विझवल्या आणि माणसं घरी पाठवली. अमरावतीचे हॉटेलवाले कोळसा घेईनात, म्हणून. तेव्हापासून देवराव भिंतीला टेकून विड्या ओढत होता आणि भांडायला कोणी सापडतं का, ते पाहत होता.

"मंजे मायच्याच नावावर मायचंच गिऱ्हाईक फोडलं?" तो म्हणाला. "वा रे गड्या! जंगलात आमी रोज पाहत होतो, झाड पाडाले लोखंड एकटं पुरत नाई. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!"

"दादा, ऐकून तं घे." धर्मपाल पुढं सरकला. "हे काय म्या केलं? तिकडं आखातात तेल इतकं निघून राहिलं का ठेवाले जागा नाई. कंपन्यायनं भाव पाडला. आता रशियाचं तेलबी येऊन राहिलं, मंग आपल्या सरकारनंबी कंपन्यायले दाबलं. आमच्या एजन्सीत रोज रेडिओवर ऐकतो आमी. पिंपावर पिंप येऊन राहिले. म्या नाई इकलं तं दुसरा इकन."

"भाव पडला तिकडं आखातात. मंग तो नेमका माह्या मायच्या डोक्यावर काहून पडला?"

केशरबाईला बरं वाटलं. थोरला तरी आपला आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिनं शेगडीतला विस्तव उगाचच सारखा केला.

"दुसरा आला असता तं चाललं असतं," ती म्हणाली. "तू काहून?"

"माय, ह्याच्यात भलं हाय सगळ्यायचं." धर्मपालचा आवाज एजन्सीतला झाला. "जंगल वाचते. अन् शेन जाळनं मंजे सोनं जाळनं हाय. सरकारच सांगते. वावरात टाकलं तं पीक दुप्पट येते."

"वावर?" केशरबाईनं मान वर केली. "कोनाचं वावर? आपल्याले हाय का? मी शेन रस्त्यावरून येचते, बापू. ढोरं दुसऱ्याची, वावर दुसऱ्याचं. माहा निस्ता हात होता त्याच्यात."

उत्तर दिलं इंदूबाईनं, देवरावच्या बायकोनं, आणि तेही चुलीपुढून, पाठमोरं.

"आत्याबाई, खरं सांगू का? राग नका मानू. मलेबी स्टो पायजे." तिनं तोंड वळवलं. डोळे लालभडक. "वीस वर्सं झाले फुंकून राहिली मी. संध्याकाळी सुईत दोरा जात नाई. धर्मपाल भावजीनं देल्ला तं मी नाई म्हननार नाई."

"तू गप राय," देवराव म्हणाला.

"काहून गप राहू? तुमी सांगा ना, परवा तुमी भावजीले काय इचारलं ते."

देवरावची विडी हातातच राहिली. ललितानं बाजेवरून विचारलं, "काय इचारलं दादा?"

धर्मपालच हळूच म्हणाला, "डेपोत जागा हाय का इचारलं. पिंप उतरवाची. म्या सायबाले सांगतलं. एक तारखेपासून याले म्हटलं त्यायनं."

बाळानं तेवढ्यात एक जांभई दिली. केशरबाई थोरल्याकडे पाहत होती आणि थोरला जमिनीकडे.

"मंग काय करू माय?" तो अखेर म्हणाला. "भट्ट्या पुन्हा नाई लागत. मी तथीच होतो शेवटपर्यंत. दहा-दहा दिवस धूर निघे त्या जागी गवत उगवून राहिलं."

"आमच्या अकोल्यालेबी तसंच हाय," ललिता म्हणाली. "कापसाच्या जिनातला बॉयलर बंद केला मालकानं. चांद्याचा दगडी कोयसा यायचा रेल्वेच्या वाघिनीनं, तो बंद. आता तेलाचं इंजिन. ह्यायले तं इंजिनवर घेतलं, बढती भेटली. बॉयलरवरचे दोघं म्हातारे मात्र घरी बसले." आणि मग, आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन, तिनं घाईनं जोडलं, "तू अकोल्याले चाल ना माय. बस झालं आता फिरनं. नातवाले खेयव."

"हो, नाईतर माह्या खोलीवर राय," धर्मपाल म्हणाला.

"नाईतर अथीच आराम कर," देवराव म्हणाला.

सकाळपर्यंत या चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. देवराव धर्मपालला साहेब म्हणून टोमणे मारत होता, ललिताला इंदूवहिनी आळशी वाटत होती. आता मात्र चौघं कशी एका सुरात बोलत होती, आणि चौघांच्या समोर शेगडीशी एकटी केशरबाई. मायेनंच बोलत होती सगळी, त्यात खोट नव्हती. त्यामुळंच तिला जास्त एकटं वाटलं. भांडली असती तर तिनंही कंबर बांधली असती.

"तुमी समजून राहिले का मी पोटासाठी फिरते," ती म्हणाली. "पोट एक भाकर खाते, ते कसंबी भरते. पन मले दिवसात अकरा बाया बोलतात. कोनाचं पोट्टं पडलं, कोनाची सून रुसली, कोनाच्या डोक्यात उवा झाल्या, सगयं मले सांगतात. दाराआडून सांगतात, पन सांगतात. तुमचा बाप गेला त्याच्या तिसऱ्या रोजी मी टोपलं घेतलं होतं, आठोते? घरात बसली असती तं मरून गेली असती. आता ते घरं गेले. मी बोलू कोनाशी? त्या उडवीशी?"

मागच्या अंगणात गोवऱ्यांची उडवी रचून उभी होती, पुरुषभर उंच, वरून शेणानं लिंपलेली. सगळ्यांनी नकळत तिकडं पाहिलं. इंदूबाईनं चूल फुंकली आणि घरभर धूर झाला.

---

दिवस मावळायच्या सुमारास केशरबाई अंगणात गोवऱ्या थापत बसली होती. कोणासाठी थापतेस, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सकाळी वेचलेलं शेण पडून होतं आणि हातांना दुसरं काही येत नव्हतं. ती गोळा घ्यायची, जमिनीवर आपटायची, पंजानं दाबायची. प्रत्येक गोवरीवर पाच बोटं उमटायची. बेबीताई लहान असताना मागच्या दारात येऊन त्या ठशांवर आपला चिमुकला पंजा ठेवून पाहायची आणि आतून कोणीतरी ओरडायचं, हात धू आधी.

धर्मपाल येऊन बाजूला उकिडवा बसला. इस्त्रीची पर्वा न करता बसला, हे तिच्या ध्यानात आलं.

"चुकलं माहं, माय. तुले आधी सांगाले पायजे होतं."

ती थापत राहिली.

"पयल्या रोजी वीस घरं फिरलो. एकानंबी दार नाई उघडलं. मंग बेबीताईच्या दारात तुहं नाव तोंडातून निघून गेलं. त्यायनं आत बोलावलं. मंग म्या सगळीकडंच तुहं नाव सांगतलं. तुह्या नावानं दारं उघडतात व माय."

केशरबाईचा हात थांबला. हे वाक्य कडू होतं की गोड, तिला ठरवता येईना. बराच वेळ ती समोरच्या ओल्या गोवरीकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं,

"कसं हाय आतून?"

"काय?"

"माणिकबाईचं सैपाकघर. चूल कोन्या तोंडाची हाय? एकच हाय का जोडचूल? अन् थे आतून टन् वाजते रोज, च्याच्या आधी, थे काय हाय? म्या सव्वीस वर्सं इचार केला. कधी वाटे घंटी असन, कधी वाटे खलबत्ता."

धर्मपालनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, डोळे बारीक करून.

"नाई पाह्यलं माय," तो ओशाळून म्हणाला. "मी स्टोकडंच पाहून राहिलो होतो. ज्योत निळी येते का पिवळी, त्याच्यातच होतो."

केशरबाईला त्याच्यावर दिवसभरात आला नव्हता तेवढा राग आता आला. गिऱ्हाईक नेलं ते नेलं. पण जिथं तिचं पाऊल कधी पडलं नाही तिथं हा बसून आला, चहा पिऊन आला, आणि आईसाठी डोळ्यांत भरून काही आणलं नाही! असा कसा हा रिकाम्या हातानं परत आला?

"उद्या कोठी जानार हायेस?" तिनं विचारलं.

"त्यायच्याकडंच. वाती कापाच्या हायेत."

"मलेबी ने."

---

सकाळी दोघं निघाली. धर्मपालच्या हातात पिशवी होती, केशरबाईच्या डोक्यावर काही नव्हतं, आणि त्यामुळं तिला नीट चालताच येईना. मान सारखी ताठ व्हायची आणि वर काही नाही म्हणून डगमगायची. वाटेत धर्मपाल काहीतरी सांगत होता, पुढच्या वर्षी याहून स्वस्त होईल वगैरे. ती हुं हुं करत होती.

माणिकबाईंच्या कोपऱ्यावर धर्मपाल पुढच्या ओट्याकडे वळला. दोन पायऱ्या चढून कडी वाजवून त्यानं मागं पाहिलं, तर आई नाही.

केशरबाईच्या पायांनी आपली नेहमीची वाट धरली होती. कुंपणाला वळसा घालून बोळातून ती मागच्या अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा तिलाच कळलं की आपण कुठं आलो. रिकाम्या हातांनी ती तिथं उभी होती. आतून माणिकबाईंचा आवाज आला, धर्मपालचा आला, मग दोघांचं हसणं. हे सगळं तिला ओळखीचं होतं. आवाज आत आणि आपण बाहेर, इतकी वर्षं हेच तर होतं. परत फिरावं, असं तिला वाटलं. पोराला सांगू, पोटात दुखलं म्हणून.

तेवढ्यात मागच्या दाराचा अडसर निघाला. दार आज अर्धवट नाही, पुरतं उघडलं, आणि आतून उघडणारा तिचा मुलगा होता.

"माय, अथी काहून उभी हायेस? ये ना."

त्याच्या मागून माणिकबाई आल्या. "ये व केशर. बाहेर काहून थांबली? तुले येऊ नको कोनी म्हटलं होतं?"

केशरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. अगदी खरंच विचारत होत्या त्या. आणि खरंच होतं ते. सव्वीस वर्षांत नको असं कोणीच म्हटलं नव्हतं. ये असंही कोणी म्हटलं नव्हतं.

तिनं उंबरा ओलांडला.

स्वयंपाकघर तिनं मनात बांधलं होतं त्याच्या निम्म्यानंही नव्हतं. काळवंडलेलं आढं, एक फडताळ, पाण्याचे दोन हंडे. कोपऱ्यात लोखंडी खलबत्ता होता. म्हणजे घंटी नव्हती. जोडचूल होती, पूर्वेच्या तोंडाची, काल-परवाच सारवून पोतेरं दिलेली, स्वच्छ. राखेचा कण नव्हता तिच्यात. तिच्या कडेवर पाट ठेवून त्यावर स्टोव्ह मांडला होता आणि त्यावर दूध तापत होतं, धुराशिवाय, आवाजाशिवाय. धर्मपाल कात्री काढून दुसऱ्या वाती कापीत बसला. या वेळी तो मधूनमधून आईकडे पाहत होता.

"पाह्य, किती साफ राह्यते," माणिकबाई म्हणाल्या. "डोयाले पानी नाई का काई नाई. बैस ना. च्या घे."

"घेते बाई."

पण केशरबाई बसली नाही. ती चुलीला वळसा घालून मागं गेली. चूल आणि भिंत यांच्यामध्ये माणूस मावेल एवढीच जागा होती. भिंत तिथं कमरेपर्यंत काळी कुळकुळीत झाली होती, सव्वीस वर्षांच्या तिच्या गोवऱ्यांनी.

"तथी काय करून राहिली व?" माणिकबाईंनी विचारलं. "लुगडं काळं होईन."

"होऊ द्या," केशरबाई म्हणाली, आणि तिनं भिंतीला पाठ लावली.

आतूनही ती तितकीच गार होती.